सर्व्हिसचे सुटे भाग घेताना: सोलापुरात भाव आणि दर्जा कसा ताडून पाहावा

एकाच गाडीच्या ब्रेक पॅडचे तीन दुकानांत तीन भाव सांगितले जातात, आणि तिन्ही दुकानदार ‘ओरिजिनल आहे’ म्हणतात. यातला कुठला भाव रास्त हे ठरवायचं, तर आधी तिन्ही ठिकाणी आपण एकाच वस्तूचा भाव विचारतोय का, हे पाहावं लागतं. बहुतेकदा तसं नसतं.

काउंटरवर साधारण चार प्रकारचा माल असतो. पहिला कार कंपनीच्या डब्यातला, म्हणजे मारुतीचे जेन्युइन पार्ट्स किंवा ह्युंदाई-किआसाठी मोबिस. दुसरा, कार कंपन्यांना भाग पुरवणाऱ्यांनी स्वतःच्या डब्यात विकलेला: बॉश, वॅलिओ, डेन्सो, एनजीके वगैरे. तिसरा, फक्त बाजारासाठी बनवणाऱ्या ब्रँडचा. चौथा लोकल, म्हणजे नावाजलेला ब्रँड नसलेला. यापलीकडे डुप्लिकेट, म्हणजे दुसऱ्याचं नाव छापलेला खोटा माल. लोकल आणि डुप्लिकेट एकच समजू नका. लोकल वायपर स्वस्तात घेऊन सहा महिने वापरणं हा साधा हिशोब आहे, डुप्लिकेटमध्ये मात्र ओरिजिनलचे पैसे देऊन लोकलपेक्षाही वाईट वस्तू हाती येते.

फिल्टर, प्लग, क्लच प्लेट यांतलं बरंच काही कार कंपन्या स्वतः बनवत नाहीत, म्हणून दुसऱ्या प्रकारात अनेकदा पैसे वाचतात. पण पुरवठादाराचं नाव तेच असलं म्हणजे ग्रेडही तीच असेल असं नाही. बाजारासाठीचा माल वेगळ्या कागदाचा किंवा वेगळ्या मिश्रणाचा असू शकतो. म्हणून डबा उघडून वस्तू पाहायची.

आधी पार्ट नंबर, मग भाव

‘अमुक गाडीचा, तमुक सालचा’ एवढं सांगून भाव विचारू नका. एकाच मॉडेलमध्ये वर्षाच्या मध्यावर कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) किंवा फिल्टरची जागा बदललेली असते. आरसीवरचा १७ अक्षरांचा चासी नंबर द्या आणि त्यावरून पार्ट नंबर काढून घ्या. जुना नंबर बंद होऊन नवा आला असेल तर तोही लिहून ठेवा. दुसऱ्या ब्रँडचा माल घेताना त्यांच्या कॅटलॉगमध्ये याच नंबराला जुळणारा नंबर कोणता, ते विचारा. मग तीन-चार दुकानांत फोन करून त्याच नंबराची एमआरपी आणि सूट, दोन्ही विचारा. नुसता ‘तुम्हाला इतक्याला देतो’ हा भाव तुलनेला उपयोगाचा नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी बऱ्याच भागांवर २८ टक्के होता. २८ टक्के धरून ज्याची किंमत १,२८० रुपये होती, तो भाग नव्या दराने १,१८० ला बसतो. डब्यावर त्याआधीची तारीख आणि जुनी एमआरपी असेल तर आजच्या दराने बिल मागा. जुन्या एमआरपीवर दिलेली ‘आठ टक्के सूट’ ही सूट नसते, तो फक्त कमी झालेला कर असतो.

सोलापुरात माल शिल्लक नसेल तर दुकानदार पुण्याहून मागवतो. तेव्हा ‘बसला नाही तर परत घेणार का’ हे आगाऊ ठरवा.

किंमत किलोमीटरला मोजा

समजण्यापुरते आकडे घेऊ. एक पॅड सेट १,८०० चा, ४०,००० किलोमीटर चालणारा. दुसरा ९०० चा, १८,००० चालणारा. बसवण्याची मजुरी दोन्हीला ४००. पहिल्याचा खर्च २,२०० भागिले ४०,०००, म्हणजे किलोमीटरला साडेपाच पैसे. दुसऱ्याचा १,३०० भागिले १८,०००, म्हणजे सात पैशांच्या वर. मजुरी धरली की निम्म्या किमतीचा सेट महाग निघतो. क्लच प्लेटसारख्या कामात, जिथे गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि मजुरी भागाच्या किमतीशी बरोबरी करते, तिथे स्वस्त माल घेण्यात काहीच अर्थ नाही. एसी फिल्टर मात्र बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्समागे हाताने बदलता येतो. तिथे साधा कागदी फिल्टर घेऊन तो लवकर लवकर बदलणं परवडतं.

एअर फिल्टर: इथे पैसे वाचवू नका

सोलापूरची कोरडी धूळ, काळ्या मातीचे कच्चे रस्ते आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे चालवलेली गाडी, यांमुळे आपल्याकडे इतर फिल्टरांपेक्षा हाच जास्त झिजतो. धुळीतले बारीक वाळूचे कण आत गेले की पिस्टन रिंग आणि सिलिंडर घासले जातात, इंजिन तेल पिऊ लागतं.

नवा आणि जुना फिल्टर शेजारी ठेवा. घड्या मोजा. उंची तेवढीच आणि घड्या कमी असतील तर गाळण्याचा पृष्ठभाग कमी, म्हणजे तो लवकर भरणार. घड्या समान अंतरावर हव्यात, एकमेकींना चिकटलेल्या नकोत. फिल्टरमागे मोबाईलचा टॉर्च धरा. कागदातून मंद, सारखा उजेड दिसला तर ठीक, टाचणीएवढाही लख्ख ठिपका दिसला तर परत द्या. त्यानंतर कडेचं रबर बोटाने दाबा: ते मऊ हवं आणि सोडताच पूर्ववत व्हायला हवं. स्वस्त फिल्टरचा कागद एक वेळ बरा असतो, पण कड आखूड किंवा कडक असते. मग झाकण लागतं, तरी धूळ कडेने आत जाते.

हे तपासायला हजारेक किलोमीटरनंतर फिल्टर काढा आणि इंजिनकडच्या स्वच्छ बाजूच्या पाइपात पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर माती आली तर फिल्टर कितीही स्वस्त असो, फेकून द्या. हवा मारून साफ करायचाच असेल तर स्वच्छ बाजूकडून, कमी दाबाने आणि लांबून. मळक्या बाजूने मारलेली हवा धूळ कागदात आणखी रुतवते.

ऑइल आणि ऑइल फिल्टर

‘इथल्या उन्हात जाड तेल घाला’ हा सल्ला गॅरेजात अजून मिळतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार असला तरी तो मानू नका. नव्या इंजिनांत तेलाच्या वाटा अरुंद असतात आणि ग्रेड त्यानुसार ठरवलेला असतो. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-१६, ५डब्ल्यू-३० असं जे लिहिलंय, तेच घाला. बीएस-६ डिझेल गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर डब्यावर एसीईए या तेलाच्या युरोपीय मानकाचा सी२ किंवा सी३, मॅन्युअल सांगेल तो वर्ग, पाहूनच घ्या. चुकीच्या तेलाच्या राखेने डीपीएफ भरतो आणि तो खर्च आयुष्यभरात वाचवलेल्या तेलाच्या पैशांपेक्षा मोठा असतो. भाव लिटरला मोजा: लहान पेट्रोल गाडीला साधारण ३ ते ४ लिटर लागतं, आणि साडेतीन व चार लिटरचे डबे शेजारी ठेवले की नुसत्या किमतीने फसगत होते.

ऑइल फिल्टरमध्ये तेल परत खाली उतरू न देणारा रबरी पडदा असतो. छिद्रांतून डोकावल्यावर तो दिसतो. हलक्या फिल्टरमध्ये तो लवकर कडक होतो, आणि सकाळी चालू करताना इंजिन दोन-तीन सेकंद खडखडतं. बसवताना रबराला थोडं तेल लावा आणि रबर टेकल्यावर हाताने पाऊण फेरा आवळा. पान्याने आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी निघता निघत नाही. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घ्या.

ब्रेक पॅड

नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण १० मिलिमीटर असतो आणि ३ वर आला की बदलायचा. वस्तू हातात घेऊन बघा: थराच्या कडा भुगा होणाऱ्या नकोत, भेग नको, मागच्या लोखंडी पाट्यावर बॅच नंबर हवा. आवाज कमी करणारी शिम आणि झीज सांगणारी पत्ती जुन्या पॅडवर असेल तर नव्यावरही त्याच जागी हवी. काही पॅडवर ‘ईई’, ‘एफएफ’ अशी दोन अक्षरं असतात. पहिलं थंड ब्रेकची पकड सांगतं, दुसरं गरम ब्रेकची. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं (एफनंतर ई) असेल तर गरम झाल्यावर पकड घटते. घाट उतरताना किंवा पुणे-हैदराबाद महामार्गावर वेगात ब्रेक लावताना हे पायाला जाणवतं.

खूप कडक पॅड जास्त टिकतो, पण डिस्क खातो, आणि डिस्क पॅडपेक्षा महाग असते. म्हणून पॅड बदलताना डिस्कची जाडी मोजून तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीशी ताडा. एका बाजूचा पॅड जास्त झिजला असेल तर ब्रँड बदलून उपयोग नाही: कॅलिपरची पिन अडकलेली असते. ती साफ करून सिलिकॉनचं ब्रेक ग्रीसच लावा, साध्या ग्रीसने रबर फुगतं. नवे पॅड बसवल्यावर रिकाम्या रस्त्यावर ५० वरून २० पर्यंत, थोडं थांबत, आठ-दहा वेळा हलके ब्रेक लावा, म्हणजे पॅड डिस्कवर नीट बसतात.

प्लग, कूलंट, बॅटरी

स्पार्क प्लगमध्ये डुप्लिकेट फार. खऱ्या एनजीकेचा वॉशर बोटाने सहज निघून येत नाही, आटे गुळगुळीत असतात, वाकवलेल्या बाजूच्या इलेक्ट्रोडचं टोक मधल्या इलेक्ट्रोडच्या बरोबर वर असतं. गाडीला इरिडियम सांगितला असेल तर साधा निकेल प्लग तुलनेत धरूच नका, आयुष्य निम्म्याहून कमी असतं.

कूलंटचा कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेला) आणि तयार मिश्रण यांचे भाव सरळ ताडू नका: निम्मं-निम्मं मिसळलं तर एक लिटर कॉन्सन्ट्रेटचे दोन लिटर होतात. पाणी डिस्टिल्डच वापरा. बोअरच्या जड पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार बसतात.

बॅटरी उन्हाळ्यात लवकर जाते. वॉरंटीचे महिने विचारताना त्यातले मोफत बदलीचे किती आणि टक्केवारीने सवलतीचे किती, हे वेगळं विचारा. जुन्या बॅटरीचे पैसे वजा करूनच भाव ताडा.

डबा, बिल आणि मेकॅनिक

डब्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीचा संपर्क हवा, आयात माल असेल तर देशही. स्टिकरवर स्टिकर असेल तर खालचं वाचा. पक्कं बिल घ्या आणि त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या. नुसतं ‘ब्रेक पॅड १ सेट’ असं बिल वॉरंटीला कामाचं नाही.

भाग स्वतः आणणार असाल तर मजुरी आधी बोला. मेकॅनिकला काउंटरवर मिळणारी सूट ही त्याच्या कमाईचा भाग असते, त्यामुळे तो मजुरी थोडी जास्त सांगेल, आणि ते रास्त आहे. पण मग भाग खराब निघाला तर पुन्हा उघडण्याची मजुरी तुमच्यावर. त्यालाच आणायला सांगितलं तर रिकामे डबे आणि काढलेले जुने भाग मागून घ्या. डब्यावरचा नंबर, बिलावरचा नंबर आणि गाडीत बसलेल्या भागावरचा नंबर गॅरेजातून निघण्याआधी जुळवा.