फाजची बाटली आणताय? आधी बांधावरची फळं उचला

उत्तरा निम्मी सरली तरी आभाळ हटत नाही. दुपारी ऊन, सांजेला सर, रात्रभर दमट. डाळिंबावरच्या तेल्याला, म्हणजे जिवाणूमुळे येणाऱ्या तेलकट डागांच्या रोगाला, आणखी काय पाहिजे? मृग बहार (पावसाळ्याच्या तोंडाला धरलेली फळं) धरलेल्यांनी आधी एक काम उरकावं, बाकी नंतर. बागेतली अन् बांधावरची डागी फळं, फांद्या, पाचोळा उचलायचा.

परवा भोकरदनकडची एक बाग पाहिली. ठिबक, मल्चिंग, सगळं टापटीप. बांधाला मात्र छाटणीच्या काड्यांचा ढीग, त्यात काळी पडून उललेली फळं. ढिगालगतच्या दोन ओळींत फळागणिक तेलकट डाग, काहींवर वाय आकाराची चीर. आत दहाव्या ओळीला तुरळक. पावसाचा थेंब ढिगावर आपटतो आणि वाऱ्याबरोबर जिवाणू पुढच्या झाडावर जातो. माझ्या पाहण्यात तेल्या बहुतेक वेळा असाच बांधाकडून आत शिरतो.

मालक म्हणाले, "साहेब, दुकानदार फाज म्हणून बाटली देतोय. आणू का?" खर्च ऐकला तर एका फवाऱ्याला मजुराची आठवड्याची हजेरी!

फाज थोतांड नाही. जिवाणूला खाणारा हा विषाणू १९१५ ते १९१७ या काळात ट्वॉर्ट आणि द'हेरेल या शास्त्रज्ञांनी वेगवेगळा शोधला. तो जिवाणूला चिकटतो, आत आपली पिल्लावळ वाढवतो आणि जिवाणू फोडून बाहेर पडतो. माणसाला, मधमाशीला, ट्रायकोडर्मा या मित्रबुरशीला त्याचा त्रास नाही. अमेरिकेत २००५ मध्ये टोमॅटो-मिरचीच्या जिवाणूजन्य ठिपक्यांसाठी अशा उत्पादनाला मान्यताही मिळाली. पण तो एका जातीच्या जिवाणूपुरता असतो, त्यातही त्या जिवाणूच्या काही वाणांवर चालतो, काहींवर नाही. टोमॅटोवरचा फाज डाळिंबाच्या तेल्यावर चालेलच असं नाही. म्हणून बाटलीवर नोंदणी क्रमांक, पीक आणि रोग छापलेलं नसेल तर ती दुकानातच राहू द्या. 'टॉनिक' म्हणून दिली तर पक्कं बिल मागा, पुष्कळदा बोलणं तिथंच संपतं.

नोंदणी असलेली मिळालीच तर:

उन्हातल्या अतिनील किरणांनी फाज काही तासांत मरतो. फवारा सूर्य कलल्यावरच. बाटली काचेच्या कपाटात उन्हात ठेवलेली असेल तर घेऊ नका.

तांबं (कॉपर, बोर्डो) आणि फाज एका टाकीत कधीच नको. ब्लिचिंग घातलेलं पाणीही चालत नाही. कॉपर फवारल्यावर पाच-सहा दिवस जाऊ द्या, मी तरी आठवडाच धरतो.

मात्रा लेबलवर असेल तीच. साय काढलेल्या दुधाच्या भुकटीबरोबर फाज पानावर जास्त टिकल्याचं टोमॅटोवरच्या प्रयोगांत दिसलंय, पण लेबलवर नसेल तर घरचा प्रयोग चार झाडांवरच करा.

आणि ढीग तसाच असेल तर फाजची बाटली फुकट. तो आज ओळीतले जिवाणू मारील, उद्याच्या सरीबरोबर ढिगातून नवे येतील.

नेहमीची कामं:
- कात्री प्रत्येक झाडानंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या १ टक्का द्रावणात बुडवणे
- बहारात बोर्डो ०.५ टक्के (मोरचूद ५०० ग्रॅम, कळीचा चुना ५०० ग्रॅम, पाणी १०० लिटर), उघडीप पाहून, त्याच दिवशी संपवणे
- बाग विश्रांतीत असताना बोर्डो १ टक्का
- छाटणीच्या जखमांवर बोर्डो पेस्ट १० टक्के
- नत्र बेताने, साचलेलं पाणी बाहेर

अँटिबायोटिकच्या पुड्या कुणी गळ्यात मारल्या तर नको म्हणा. जिवाणू त्याला सरावतो, मग पुढच्या वर्षी दुप्पट पुड्या लागतात.

आता उचलणं कसं ते नीट ऐका, इथंच सगळे चुकतात. पानं ओली असताना बागेत शिरायचं नाही; दव सुकू द्या, दहानंतर जा. आधी निरोगी भाग, मग डागी. फळं पाटीत घ्यायची, गोणी ओळीतून ओढत न्यायची नाही, ती फांद्यांना घासते. फळं बागेपासून दूर खड्ड्यात चुना टाकून पुरा, काड्या वाळवून जाळा. आणि बाहेर आल्यावर हात साबणाने धुवा, चपला पण. नाहीतर त्याच हातांनी उद्या निरोगी ओळीत जाल.