जुन्या मराठी शाळेतले विज्ञान ग्रंथालयात कसे शोधावे

विज्ञानशिक्षणाचा इतिहास अभ्यासायला निघालेली बहुतेक माणसे सरकारी अहवालांपासून सुरुवात करतात आणि पुष्कळदा तिथेच थांबतात. अहवालांतून सरकारला काय शिकवायचे होते ते कळते. मुलांच्या हाती प्रत्यक्ष काय पडले हे कळायला त्या काळची पाठ्यपुस्तके, मासिके आणि प्रश्नपत्रिकाच उघडाव्या लागतात. एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्यापुरते बोलायचे, तर ही साधने आजही आपल्या ग्रंथालयांत आहेत. ती कशी गाठावीत, ते येथे क्रमाने सांगतो.

सर्वांत आधी प्रश्न लहान करावा. ‘महाराष्ट्रातील विज्ञानशिक्षणाचा इतिहास’ हा विषय घेऊन कोणत्याही ग्रंथपालासमोर उभे राहिलात, तर तो बिचारा कोणते कपाट उघडणार? त्याऐवजी ‘१८४० ते १८६० या काळात मराठी शाळांतून पदार्थविज्ञान कोणत्या पुस्तकांवरून शिकवले गेले’ असा प्रश्न कागदावर लिहून न्यावा. कालखंड ठरवताना १८५४ चा वुडचा खलिता (हिंदुस्थानातील शिक्षणाचे धोरण आखणारे सरकारी पत्र), त्यानंतर १८५५ मध्ये सुरू झालेले शिक्षण खाते, १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ आणि शिक्षणाची चौकशी करणारा १८८२ चा हंटर आयोग हे टप्पे उपयोगी पडतात, कारण कागदपत्रांची रचनाही बहुधा याच टप्प्यांवर बदलते.

दुसरे काम शब्दांचे आहे आणि त्याला भरपूर वेळ द्यावा, कारण शोध फसतो तो बहुतेक वेळा इथेच. आजचे शब्द घेऊन जुन्या सूचीत शिरले की काहीच हाती लागत नाही. आपण ज्याला भौतिकशास्त्र म्हणतो ते त्या काळी ‘पदार्थविज्ञान’ किंवा ‘सिद्धपदार्थविज्ञान’ या नावाने छापले जाई. बाळशास्त्री जांभेकरांच्या कलनावरील (कॅल्क्युलसवरील) पुस्तकाचे नाव ‘शून्यलब्धिगणित’ आहे. ‘विकलन’ हा शब्द शोधणाऱ्याला ते कधीच सापडणार नाही. ‘रसायन’ या शब्दाच्या मागे तर वैद्यकातला जुना अर्थ उभा आहे, त्यामुळे ‘रसायन’ या नोंदीखाली औषधांची पुस्तकेही पुढ्यात येतात. यासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश जवळ ठेवावा. त्याची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची. दोन्हींत एकच शब्द काढून पाहिला, तर मधल्या सव्वीस वर्षांत त्याचा अर्थ किती सरकला हेही दिसते. कोश इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो. अशा जुन्या शब्दांची एक यादी करावी आणि ती शेवटपर्यंत वाढवत राहावे.

यादी हाती आली की शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ मागावी. तिच्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची विषयवार नोंद आहे. शास्त्र आणि शिक्षण हे दोन्ही विभाग पाहावेत, कारण शालेय पुस्तक कोणत्या विभागात गेले असेल याचा नेम नसतो. १८६७ च्या कायद्याने छापील पुस्तकांची नोंदणी सुरू झाल्यावर सरकार दर तिमाहीला याद्या छापू लागले. त्यांत पुस्तकाची पाने, किंमत आणि किती प्रती छापल्या हेही दिलेले असते. शंभर पानी ग्रंथापेक्षा प्रतींचा तो एक आकडा कधी कधी जास्त बोलतो: पुस्तक शाळाशाळांत गेले, की लेखकाच्या घरीच राहिले, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

मग पुस्तके. मुंबईत एशियाटिक सोसायटीचे टाऊन हॉलमधील ग्रंथालय आणि १८९८ मध्ये स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्यात पुणे नगर वाचन मंदिर, कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर ही ठिकाणे आधी पाहावीत. निघण्यापूर्वी एशियाटिक सोसायटीच्या ‘ग्रंथसंजीवनी’ या डिजिटल संग्रहात शोधून घ्यावे. घरबसल्या पाहता येणाऱ्या पुस्तकासाठी जीर्ण प्रत हाताळू नये. दुर्मीळ पुस्तकासाठी ओळखपत्र आणि बहुधा एखादे शिफारसपत्र लागते. जवळ फक्त पेन्सिल ठेवावी आणि छायाचित्र काढण्याआधी परवानगी विचारावी.

पुस्तक समोर आले की मजकुराकडे धावू नये. मुखपृष्ठ सावकाश वाचावे. तिथे बहुधा शक असतो: शके १७५९ असेल तर त्यात ७८ मिळवून १८३७ हे साल येते, मात्र शक चैत्रात बदलतो, त्यामुळे तिथे पौष-माघासारखा वर्षाअखेरचा महिना दिला असेल, तर इसवी साल एकाने पुढे गेलेले असू शकते. छापखाना शिळेचा (दगडावरून छापणारा) की खिळ्यांचा (सुट्या अक्षरांचे ठसे जुळवून छापणारा), पुस्तक कोणाच्या आज्ञेने छापले, आवृत्ती कितवी, हे सगळे टिपावे. माझ्या हाती एकदा असेच एक फाटके पाठ्यपुस्तक आले होते. आतल्या कोऱ्या पानावर कुणा विद्यार्थ्याने मोडीत आपले नाव लिहिले होते आणि हवेच्या दाबाच्या धड्यात ओळींच्या मध्ये, बारीक अक्षरात, अवघड शब्दांचे सोपे अर्थ. धडा कुठे अडत होता हे त्या रेघोट्यांनी जसे दाखवले, तसे मला कोणत्याही अहवालात वाचायला मिळाले नाही. मोडी येत नसेल तर या कामापुरती तरी जरूर शिकावी.

मासिकांचे अंकही पाहावेत. जांभेकरांचे १८४० मध्ये निघालेले ‘दिग्दर्शन’, १८५० पासूनचा ‘मराठी ज्ञानप्रसारक’, शिक्षकांसाठीचे ‘शालापत्रक’ आणि विसाव्या शतकाकडे यायचे असेल तर १९२८ चे ‘सृष्टिज्ञान’. यांत वाचकांची पत्रे आणि जाहिराती वगळू नयेत.

सरकारी कागद मी मुद्दाम शेवटी ठेवले आहेत. शिक्षण संचालकांचे वार्षिक अहवाल मोठ्या ग्रंथालयांत मिळतात. मूळ पत्रव्यवहारासाठी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील पुराभिलेखागारात जावे लागते. पाठ्यपुस्तके आधी वाचलेली असली, की अहवालातील ‘प्रगती समाधानकारक’ या शेऱ्यामागे काय आहे हे विचारण्याचे बळ येते. हेच बळ विरोधी साक्षींतूनही मिळते. महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत मोडी, बालबोध (देवनागरी) आणि हिशेबाबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे मागितले आहेत. त्या काळच्या क्रमिक पुस्तकांशेजारी ही मागणी ठेवून, कोणते विज्ञान कोणाच्या मुलांसाठी होते, हे पानोपानी ताडून पाहावे.

नोंदी करताना प्रत्येक टिपणावर ग्रंथालयाचे नाव, पुस्तकाचा दाखल क्रमांक (ग्रंथालयाने त्या प्रतीला दिलेला नोंदीचा आकडा), पृष्ठ आणि तारीख लिहावी. मी एकदा दाखल क्रमांक टिपला नाही आणि दोन पानांचा एक उतारा पुन्हा शोधण्यात अख्खी दुपार गेली. तेव्हापासून पुस्तक उघडण्याआधी क्रमांक लिहून घेतो.