पॉप गायक खरा कलाकार आहे का? मिक्सरमागून ओळखायची रीत

मी नाशिकमध्ये साऊंड करतो. कालिदास कलामंदिरातली भावगीतांची मैफल, गंगापूर रोडच्या लॉनवरची लग्नाची संगीत संध्याकाळ, कॉलेजचं गॅदरिंग, गणपतीतला ऑर्केस्ट्रा, सगळीकडे मिक्सरवर मी असतो. ‘हे पॉपवाले कसले कलाकार, नुसत्या उड्या’ हे वाक्य मला मैफलीच्या मध्यंतरात ऐकू येतं, आणि गॅदरिंगला त्याच पोरांसाठी पब्लिक खुर्च्यांवर चढलेलं दिसतं. माझं म्हणणं असं, की हा निकाल माणूस बघून लावावा. अख्ख्या प्रकाराला एका फटक्यात पास किंवा नापास करता येत नाही. आता माणूस कसा बघायचा ते सांगतो.

आधी जागा धरा. पहिल्या रांगेत स्टेजवरच्या ड्रमचा आणि मॉनिटरचा, म्हणजे गायकाला स्वतःचं गाणं ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरचा, आवाज थेट येतो, सबवूफरजवळ तर शब्दच कळत नाहीत. मिक्सर जिथे लावलाय त्याच्या आसपास उभे राहा. आम्ही आवाज तिथूनच जुळवतो.

मग ट्रॅक ओळखा. मायनस ट्रॅक म्हणजे वाद्यं लॅपटॉपवरून आणि गाणं खरं. यात काही गैर नाही, सगळ्यांना वादक परवडत नाहीत. प्लस ट्रॅकमध्ये गायकाचाच रेकॉर्ड केलेला आवाज खाली चालू असतो आणि तो वरून गातो. तिसरा प्रकार नुसते ओठ हलवण्याचा. नजर माईकवर ठेवा. हातातला माईक ओठांना चिकटला की खर्ज फुगतो आणि चार बोटं लांब गेला की तो आधी ओसरतो. माईक पार छातीपर्यंत खाली आला तरी आवाज तसाच भरदार असेल, तर समजून जा. प, फ, भ या अक्षरांना हवेचा धक्का येतो का, तेही ऐका. माईक कानाला अडकवलेला असेल तर अंतराची परीक्षा चालत नाही. तेव्हा श्वास ऐका. दोन ओळी नाचून तिसरी ओळ जराही धाप न लागता आली, तर बहुधा खाली ट्रॅक आहे. बोलताना आवाज कोरडा आणि गाताना गुळगुळीत, हा मात्र पुरावा धरू नका. गाणं संपलं की रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला दिलेली घुमणूक, आम्हीच बंद करतो.

नाचासाठी खाली थोडा प्लस ट्रॅक ठेवला तर मी नाक मुरडतो, पण त्याला चोर म्हणत नाही. मिली व्हॅनिली या पॉप जोडीची गोष्ट वेगळी. रेकॉर्डवरचा आवाजच त्यांचा नव्हता, आणि १९९० मध्ये त्यांचं ग्रॅमी काढून घेतलं गेलं.

ऑटोट्यूनवरून, म्हणजे गायकाचा सूर आपोआप दुरुस्त करणाऱ्या यंत्रावरून, लोक सगळ्यात जास्त चिडतात. अँडी हिल्डेब्रँड नावाचा माणूस आधी ध्वनिलहरींवरून जमिनीखालचं तेल शोधायच्या कामात होता. त्याने १९९७ मध्ये हे काढलं. पुढच्याच वर्षी शेर या अमेरिकन गायिकेच्या ‘बिलीव्ह’ गाण्यामध्ये ते मुद्दाम, ऐकू येईल असं वापरलं गेलं. ओळखायची जागा म्हणजे मींड. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना मधे जिन्याच्या पायऱ्या लागल्या, तर यंत्र जोरात लावलंय. उघड लावलं असेल तर तो रंग झाला, आवडो न आवडो. कच्चा सूर झाकायला लावलं असेल तर दोन ओळी वाद्यांशिवाय, माईक बाजूला ठेवून गायला सांगा, लगेच कळतं.

मला ते साऊंड चेकलाच, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज तपासतानाच, कळतं, कारण हेडफोनवर मी गायकाचा एकट्याचा चॅनल घेतो. गॅदरिंगच्या एका साऊंड चेकला एक पोरगा आला होता, केस रंगवलेले, पॉपच गाणारा. त्याने मॉनिटरमधला रिव्हर्ब काढायला लावला, म्हणाला, ‘दादा, सूर कुठे लागतोय ते मला कोरडं ऐकू द्या.’ घसा बसल्यासारखा वाटला म्हणून पट्टी अर्ध्या स्वराने खाली घेतली. शेवटच्या कडव्याआधी ड्रमरला दोन मात्रा रिकाम्या सोडायला सांगितल्या आणि वरचा सूर घेताना माईक स्वतःहून लांब नेला. मी फेडरला, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणाला, हातही लावला नाही. उलट जुनी गाणी गाणारे कित्येक जण येतात आणि पहिलं वाक्य असतं, ‘इको वाढवा जरा.’ कलाकारी मी या अशा निर्णयांत शोधतो. तुम्हीही तिथेच शोधा.

‘स्वतः लिहीत नाही, चाल लावत नाही’ ही कसोटी सरळ फेकून द्या. सदारंग या जुन्या ख्याल-रचनाकाराच्या बंदिशी आजही मैफलीत गातात, आणि बालगंधर्वांच्या कितीतरी पदांना चाली भास्करबुवा बखल्यांच्या. मग पॉपवाल्यालाच हा नियम का? त्याने काय भर घातली ते बघा. एकाच गाण्याची रेकॉर्ड आणि दोन वेगवेगळ्या शोंचं चित्रण लागोपाठ ऐका. श्वास कुठे घेतलाय, कोणता शब्द ओढलाय, कुठे मुद्दाम मागे राहिलाय? तिन्ही ठिकाणी सगळं तंतोतंत तेच असेल, तर तो चोख कारागीर आहे. कारागिराला मी कमी लेखत नाही, फक्त कलाकार म्हणत नाही.

नाचतो म्हणून मार्क कापू नका. लावणीत अदेला दाद देता ना? आणि नोटेशन येत नाही म्हणूनही नको. मायकल जॅक्सनला स्वरलिपी वाचता येत नव्हती. बेस, ड्रम, कोरसच्या जागा तो तोंडानेच करून टेपवर घ्यायचा.

‘पैशासाठी गातात’ म्हणणाऱ्यांना विष्णू दिगंबर पलुस्करांची आठवण करून द्या. आपल्या नाशिकला रामनाम आधाराश्रमात राहिलेल्या या माणसानेच तिकीट लावून जाहीर मैफली रूढ केल्या, त्याआधी गवई संस्थानिकांच्या मर्जीवर जगायचे.

एवढं करूनही ठरत नसेल तर पुढच्या वेळी कार्यक्रमाच्या दोन-तीन तास आधी या. साऊंड चेकला हॉल रिकामा असतो, मागे बसलात तर सहसा कोणी हटकत नाही. माझं मत हवं असेल तर शो संपल्यावर केबल गुंडाळताना विचारा. चालू शोमध्ये खांद्यावर टकटक केलीत, तर मी वळूनही बघणार नाही.