देवमासा बघायला मिरिस्साला जाताय? बोट ठरवताना या चुका टाळा

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मिरिस्साच्या समुद्रात पहिल्यांदा निळा देवमासा वर आला, तेव्हा त्याच्याभोवती आठ बोटी होत्या. मी मोजल्या. आमच्या तांडेलाने इंजिनाचा जोर वाढवला, वरच्या मजल्यावरची माणसं एका कठड्याकडे धावली, बोट कलली आणि राखाडी-निळी पाठ जेमतेम दोनदा दिसून नाहीशी झाली. आईला बोट लागली होती, ती डोळे मिटून खाली बसली होती. परतीच्या वाटेवर माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती, की त्या मुक्या जनावराचा पाठलाग करणाऱ्यांत आपणही होतो. आणि ती बोट मीच ठरवली होती, हॉटेलबाहेरच्या टुकटुकवाल्याच्या शब्दावर, दहा मिनिटांत.

दोन वर्षांनी पुन्हा गेले. या वेळी आधी महिनाभर चौकशी केली, चार ठिकाणी प्रश्न विचारले, दोन बोटी नाकारल्या. दोन्ही खेपांमधून जे कळलं ते इथे मांडते आहे. श्रीलंकेला बरीच मराठी कुटुंबं जातात आणि त्यांतली पुष्कळशी माझ्यासारखीच चूक करतात.

सुट्टी आधी ठरवणं, हंगाम नंतर बघणं

आपली सहल शाळेच्या सुट्ट्यांवर ठरते. पण मिरिस्साचा हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल. मे महिन्यात नैर्ऋत्य मोसमी वारे श्रीलंकेच्या दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावर येऊन धडकतात आणि समुद्र खवळतो. आपल्या कोकणात जूनमध्ये होड्या किनाऱ्यावर ओढतात, तोच हा वारा, फक्त तिथे काही दिवस आधी पोचलेला. मे महिन्यात तिथे जाऊन कुणी ‘चला, नेतो’ म्हणालाच, तर त्याच्या होकारावरच शंका घ्या. उन्हाळ्याच्या सुट्टीतच जायचं असेल तर पूर्व किनाऱ्यावरचं त्रिंकोमाली बघा. तिथला समुद्र त्या महिन्यांत शांत असतो आणि देवमासेही दिसतात. दिवाळीची सुट्टी मात्र दोन्हीकडे अडनिडी पडते. नाताळात हंगाम असतो, पण गर्दीही तेव्हाच सर्वांत जास्त. जमत असेल तर फेब्रुवारी किंवा मार्चचे मधले वार धरा.

आणखी एक चूक बऱ्याच पॅकेजांतच असते. मुक्काम कोलंबो किंवा बेंटोटाला आणि बोट सकाळी साडेसहाला मिरिस्साहून. म्हणजे मध्यरात्रीनंतर उठून, अर्धवट झोपेत गाडीतून उतरून थेट बोटीत. बोट लागणाऱ्यांसाठी याहून वाईट सुरुवात नाही. आदल्या रात्री मिरिस्सा किंवा शेजारच्या वेलिगामालाच राहा.

‘छोटा ग्रुप’ या शब्दावर विसंबणं

यादवी युद्ध २००९ मध्ये संपलं आणि त्यानंतर मिरिस्साचा हा धंदा झपाट्याने फोफावला. बंदरात दुमजली मोठ्या बोटीही आहेत आणि सहा-आठ माणसांच्या फायबरच्या होड्याही. ‘स्मॉल ग्रुप’ ही पाटी मात्र दोन्हींवर दिसते. मोठ्या बोटीवर तुमच्या गाइडबरोबर दहाच जण आहेत, पण बोटीवर एकूण सत्तर, तर तो छोटा ग्रुप कसला? म्हणून विचारायचं ते असं: बोटीची परवानगी किती माणसांची आहे आणि त्यांपैकी तुम्ही किती जागा विकता? चांगला माणूस दोन्ही आकडे लगेच सांगतो, कारण जागा मोकळ्या ठेवणं हाच त्याच्या दराचा आधार असतो.

यापेक्षा मोठा गैरसमज म्हणजे लहान बोट आपोआप चांगली असते हा. माझ्या पहिल्या फेरीत देवमाशाच्या सर्वांत जवळ घुसली ती लहान खासगी होडीच. हलकी, वेगवान, आणि वर बसलेल्या चौघांनी पूर्ण बोटीचे पैसे मोजलेले, म्हणजे तांडेलावर दडपण जास्त. बोटीचा आकार दुय्यम. ती चालवणारा थांबायला तयार आहे का, हे महत्त्वाचं.

ग्रुप टूरने जात असाल तर हा प्रश्न टूर कंपनीला इथेच विचारा. चाळीस जणांना कोणत्या बोटीवर चढवणार, तिचं नाव काय, हे बहुतेकदा कुणालाच माहीत नसतं. तिथे पोचेपर्यंत निर्णय झालेला असतो.

‘हमखास दाखवतो’ ऐकून खूश होणं

देवमासा रानातला प्राणी आहे, त्याची हमी कुणी देऊ शकत नाही. हमी देणाऱ्याला ती पुरी करण्यासाठी पाठलागच करावा लागतो. दिसला नाही तर पैसे परत, ही अटही ऐकायला बरी वाटते, पण तिचा भार शेवटी सुकाणू धरणाऱ्यावर पडतो. मला त्यापेक्षा ‘दिसला नाही तर दुसऱ्या दिवशी रिकाम्या जागेवर पुन्हा नेऊ’ असं म्हणणारे जास्त भरवशाचे वाटले. त्यासाठी हाताशी एक जादा सकाळ ठेवा.

दुसऱ्या खेपेला मी ज्यांची बोट घेतली, त्यांना फोनवर विचारलं होतं, किती जवळ नेता? समोरून उत्तर आलं, शंभर मीटरच्या आत आम्ही जात नाही, चालत असेल तर या. मी तिथेच पैसे भरले.

फोटो आणि रिव्ह्यू सरळ वाचणं

ते उलटे वाचायला शिका. बोटीच्या पानावर देवमाशाला टेकून उभी बोट दिसली, पाण्यात उतरलेली माणसं दिसली, की ती बोट बाद. ‘हात लावता येईल इतक्या जवळ गेलो’ असं लिहून कुणी पाच तारे दिले असतील तर तो इशारा समजा. उलट ‘फार लांब थांबले, फोटो नीट आले नाहीत’ म्हणून कुणी दोन तारे दिलेत, ती शिफारस. मी निवडलेल्या बोटीच्या नावावर अशा तीन तक्रारी होत्या.

‘जबाबदार’, ‘इको’ ही विशेषणं कुणीही रंगवून घेतं. ती सोडून द्या आणि विचारा: बोटीवर माहिती सांगणारा माणूस कोण? तो दिसलेल्या प्राण्यांची नोंद ठेवतो का? पाण्यात कचरा जाऊ नये म्हणून काय करता?

जवळ म्हणजे चांगलं, ही समजूत

सगळ्या चुकांचं मूळ इथे आहे, म्हणून इथे जरा थांबते.

मिरिस्साजवळ देवमासे का दिसतात? श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला, डोंड्राजवळ, किनाऱ्यालगतचा उथळ तळ फार अरुंद आहे. थोडंच आत गेलं की समुद्र एकदम खोल होतो. त्या खोल पाण्यात या माशांचं खाद्य असतं, झिंग्यासारखे बारीक जीव. मासा म्हणतो आपण, पण तो सस्तन प्राणी, हवा घ्यायला वर यावंच लागतं. वर आला की काही सेकंदांच्या अंतराने अनेक श्वास घेतो, मग पाठ कमानीसारखी वाकवून खाली बुडी मारतो. ही बुडी दहा-बारा मिनिटांची असते, कधी जास्त. पृष्ठभागावरची ती थोडी मिनिटं म्हणजे त्याची दम खाण्याची वेळ. नेमक्या त्याच वेळी आठ इंजिनं अंगावर आली तर तो पुरते श्वास न घेताच खाली जातो. पुन्हा वर येतो तेव्हा थकलेला असतो आणि बोटी तिथे हजर असतात. हे एका सकाळी किती वेळा आणि हंगामात किती सकाळी होत असेल, याचा हिशेब करून बघा.

जगातले बहुतेक निळे देवमासे खाण्यासाठी थंड पाण्याकडे लांबचा प्रवास करतात. इथले मात्र उष्ण पाण्यातच राहतात आणि इथेच खातात. श्रीलंकेच्या सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. आशा डी व्होस यांनी हे जगासमोर आणलं. २००८ पासून त्या या माशांवर काम करताहेत. याचा अर्थ असा, की इथून हुसकलं तर त्यांना जायला दुसरं ठरलेलं घर नाही. त्यातच डोंड्राच्या दक्षिणेकडून जगातला एक अत्यंत गजबजलेला जहाजमार्ग जातो आणि मालवाहू जहाजांच्या धडकेने देवमासे मरतात. २०२२ मध्ये एमएससी या मोठ्या जहाज कंपनीने आपली जहाजं अधिक दक्षिणेकडून न्यायचं ठरवलं. एवढी अजस्र जहाजं वाट वाकडी करू शकतात, तर आपली बोट शंभर मीटरवर थांबायला काय हरकत आहे?

शंभर मीटर हे श्रीलंकेच्या नियमांतलंच अंतर आहे. डोळ्यांनी मोजायचं तर क्रिकेटची पाच पिचं एकापुढे एक. लांब वाटतं, पण जनावराची लांबी लक्षात घ्या: दोन एसटी बस मागेपुढे उभ्या केल्यात इतकी. एवढं मोठं काही शंभर मीटरवरून निसटत नाही.

चांगला तांडेल काय करतो ते दुसऱ्या खेपेला पाहिलं. लांबवर फवारा दिसताच त्याने वेग कमी केला. समोरून नाही, थेट मागूनही नाही, बाजूने वळसा घेत तो माशाच्या दिशेला समांतर आला आणि त्याची वाट मोकळी ठेवून इंजिन मंद केलं. मासा खाली गेल्यावर तो मागे धावला नाही, तिथेच थांबला. गाइडने घड्याळ दाखवून सांगितलं, आता बारा मिनिटं. कुणी बोललं नाही. मग डाव्या हाताला तो वर आला आणि आधी ऐकू आला त्याचा श्वास, भल्यामोठ्या भात्यातून हवा सुटावी तसा. पहिल्या खेपेला इंजिनांच्या गोंगाटात हा आवाज मला ऐकूच आला नव्हता. त्याने आठ-नऊ श्वास सावकाश घेतले आणि जाताना शेपटी पूर्ण वर काढली, पाणी निथळत होतं. माझ्याकडे त्याचा फोटो नाही, मी कॅमेरा उचललाच नाही.

बोटीवर बसल्यावर बिघडलं तर

*बोट पाठलाग करू लागली.* गाइडला शांतपणे सांगा, आम्हाला लांबूनच बघायचं आहे, घाई नाही. ‘जवळ घ्या, जवळ घ्या’ हेच तांडेल रोज ऐकत असतो. उलटं सांगणारे चार आवाज उठले तर फरक पडतो, हे मी पाहिलं आहे. ऐकलं नाही तर बोटीचा नंबर आणि अंतर दिसेल असा व्हिडिओ घ्या आणि तिथल्या वन्यजीव विभागाकडे तक्रार करा. रिव्ह्यूतही तेच लिहा, रागाने नको, तपशिलाने.

*‘पोहायला उतरता का?’ असं विचारलं.* खास परवान्याशिवाय देवमाशांबरोबर पाण्यात उतरायला तिथे बंदी आहे. नाही म्हणा.

*बोट लागली.* मळमळ सुरू झाल्यावर गोळीचा फारसा उपयोग होत नाही. डॉक्टरांना विचारून ती निघण्याच्या निदान तासभर आधी घ्यायची. रिकाम्या पोटी जाऊ नका, तेलकटही खाऊ नका; दोन बिस्किटं, केळं पुरे. वरचा मजला सर्वांत जास्त डोलतो, म्हणून खालच्या मजल्यावर मध्याच्या आसपास बसा, डिझेलच्या धुरापासून दूर. नजर क्षितिजावर ठेवा, मोबाइलच्या पडद्यावर नको. आलेपाक किंवा आवळासुपारी तोंडात धरली की आईला बरं वाटतं.

*लाइफ जॅकेट सैल आहे किंवा लहान मुलाच्या मापाचं नाही.* बंदर सोडण्याआधी बोला. ते मिळत नसेल तर उतरा. पैसे गेले तरी चालतील.

*काहीच दिसलं नाही.* असं होतं. डॉल्फिनचे कळप, उडणारे मासे, कधी एखादं कासव, एवढ्यावर परतावं लागतं. तरी जो तांडेल लांब थांबला, त्याला उतरताना बक्षिसी द्या आणि ती कशासाठी दिली हे तोंडाने सांगा.

आणि आपला किनारा

निळा देवमासा आपल्याला परका नाही. २०१५ मध्ये सिंधुदुर्गच्या समुद्रात संशोधकांना निळा देवमासा पिल्लासह दिसला होता. त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्याला एक लागला, पण तो वाचला नाही. देवमासे दाखवणाऱ्या बोटी आपल्याकडे नाहीत, मात्र तारकर्लीपासून दापोलीपर्यंत आणि खाली गोव्यात डॉल्फिन दाखवणाऱ्या पुष्कळ आहेत, आणि वरचे सगळे प्रश्न तिथेही तसेच लागू पडतात. गेल्या हिवाळ्यात तारकर्लीला मी तांडेलाला म्हटलं, दादा, मागे नका लागू, लांब थांबूया. तो म्हणाला, “तुमी सांगतास तर थांबतंय. पण लोकांका जवळच जावक व्हया असता.” त्याने इंजिन बंद केलं. वीस मिनिटांनी तीन पाठी वर आल्या, आमच्याकडे न वळता किनाऱ्याला धरून पुढे गेल्या, आणि शेजारच्या दोन बोटी त्यांच्यामागे सुटल्या.