मोल्फेत्ताच्या धर्मप्रांताचा इतिहास शोधताना

दक्षिण इटलीत, पुल्या प्रदेशात, मोल्फेत्ता-रुवो-जोविनात्झो-तेरलित्झी असा एक कॅथलिक धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश, आहे. नावातली चार गावं म्हणजे चार जुने धर्मप्रांत. शोधाची सुरुवात आजच्या नावापासून करून मागे जायचं. प्राचीन काळापासून पुढे येऊ गेलं की हमखास गोंधळ होतो.

आधी एकत्रीकरणाच्या तारखा कागदावर मांडा. 30 सप्टेंबर 1986 ला चौघांचा एकच धर्मप्रांत झाला. रुवो 1818 पासून 1982 पर्यंत बितोंतो या दुसऱ्या धर्मप्रांताशी जोडलेला होता. जोविनात्झो आणि तेरलित्झी ही जोडी 1749 ची, आणि ती 1836 मध्ये मोल्फेत्ताशी जोडली गेली.

आता प्रत्येक तारखेपुढे एकत्रीकरणाचा प्रकार लिहा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. समान दर्जाच्या एकत्रीकरणात बिशप एकच असतो, पण धर्मप्रांत वेगळे राहतात आणि प्रत्येकाचं कॅथेड्रलही, म्हणजे बिशपचं मुख्य चर्चही, आपलं असतं. म्हणून एकच बिशप तीन याद्यांत सापडतो. इथले बिशप टोनिनो बेल्लो यांचं नाव असंच अनेक गावांपुढे येतं. त्यांना वेगवेगळी माणसं धरू नका. पूर्ण एकत्रीकरणात मात्र जुने धर्मप्रांत विलीन होतात आणि बाकीची कॅथेड्रलं सह-कॅथेड्रल ठरतात. 1986 चं एकत्रीकरण असं पूर्ण होतं. त्यामुळे त्याआधीचा कागद हवा असेल तर आजच्या बिशप-कार्यालयाच्या नावाने नव्हे, जुन्या गावाच्या नावाने मागा.

वरिष्ठ कोण, हेही काळानुसार तपासा. आज हा धर्मप्रांत बारी-बितोंतो महाधर्मप्रांताच्या कक्षेत आहे. पण 1485 मध्ये पोप आठवे इनोसंट यांनी मोल्फेत्ताला थेट पोपच्या अधिकाराखाली घेतलं. ते स्वतः आधी इथलेच बिशप होते! त्या काळातल्या वरिष्ठ निर्णयांसाठी आधी बारीचे कप्पे उघडू नका, रोमकडे वळा.

रोममधली सर्वात मोलाची गोष्ट म्हणजे बिशपांचे अहवाल. पोप पाचवे सिक्स्टस यांनी 1585 मध्ये ते सक्तीचे केले, आणि इटलीच्या बिशपांना दर तीन वर्षांनी रोमला हजेरी लावावी लागे. चर्च, मठ आणि धर्मगुरू यांची माहिती त्यांत एका जागी मिळते. मध्ये खंड दिसला तर आधी त्या वर्षांत बिशपपद रिकामं होतं का ते पाहा.

सामान्य कुटुंबांचा माग धर्मग्रामाच्या, म्हणजे एका स्थानिक चर्चच्या हद्दीच्या, वह्यांत लागतो. बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदी ट्रेंटच्या परिषदेने (कॅथलिक चर्चच्या सर्वोच्च सभेने) 1563 मध्ये बंधनकारक केल्या, तर मृत्यूच्या नोंदींचा नियम 1614 च्या रोमन विधिग्रंथातून आला. म्हणून 1590 च्या सुमाराची मृत्यूची वही मिळाली नाही, तर ती हरवलीच असं मानू नका. ती कदाचित ठेवलीच गेली नसेल.