रिटर्न बॅक, पिन नंबर: इंग्रजीतली ही पुनरुक्ती टाळा

रावेरच्या एका तरुण केळी व्यापाऱ्याने दिल्लीच्या अडत्याला पाठवायचे इंग्रजी पत्र मला तपासायला दिले होते. त्यात 'प्लीज रिटर्न बॅक द एम्प्टी क्रेट्स' असे वाक्य होते. मी 'बॅक' खोडताच त्याने विचारले, "सर, मग 'वापस' कुठे आलं?" प्रश्न रास्त होता. आपण खान्देशात 'क्रेट वापस पाठवा' असे म्हणतो, कारण नुसत्या 'पाठवा'मध्ये परतीचा अर्थ नसतो. इंग्रजीत मात्र लॅटिनमधून आलेला 'री' हा उपसर्गच ते काम करतो आणि 'रिटर्न'च्या पोटात 'वापस' आधीच असते.

'रिपीट अगेन', 'रिप्लाय बॅक' आणि 'रिपे बॅक' यांतही हीच चूक आहे. 'रिव्हर्ट बॅक'मध्ये तर ती दुहेरी आहे, कारण प्रमाण इंग्रजीत 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वस्थितीला जाणे. उत्तर देणे हा अर्थ मुख्यतः आपल्याकडच्या कार्यालयीन इंग्रजीत रुळला आहे. उत्तर हवे असेल, तर सरळ 'प्लीज रिप्लाय' लिहावे. तरीही 'री' दिसला की 'बॅक' खोडायचे, असा नियम करू नये. 'रिपोर्ट'च्या आजच्या अर्थात केवळ 'कळवणे' उरले आहे, त्यामुळे 'परत येऊन कळवा' या अर्थी 'रिपोर्ट बॅक' योग्यच ठरते.

संक्षेपांमध्ये ही पुनरुक्ती लपून राहते. 'पिन' आणि 'पॅन' यांतला शेवटचा 'एन' म्हणजे नंबर, 'एटीएम'मधला 'एम' म्हणजे मशीन, 'आयएफएससी'तला 'सी' म्हणजे कोड आणि 'जीएसटी'तला 'टी' म्हणजे टॅक्स. बोलताना 'पिन नंबर' म्हटल्याने कोणाचे अडत नाही, उलट टाचणीच्या 'पिन'पासून तो वेगळा कळतो. पण अर्जात किंवा व्यापारी पत्रात 'माय पॅन इज' असे लिहून पुढे ती 10 अक्षरे-आकडे द्यावेत. भुसावळच्या फलाटावर सतत कानी पडणारा 'पीएनआर नंबर' मात्र बरोबर आहे, कारण 'पॅसेंजर नेम रेकॉर्ड' या नावात नंबर कुठेच नाही.

'फ्री गिफ्ट', 'एंड रिझल्ट' आणि 'पास्ट हिस्टरी' या जोड्या आपल्या 'पिवळे पितांबर'सारख्या आहेत. शंका आली, तर पहिल्या शब्दावर बोट ठेवून वाक्य वाचावे. अर्थ तोच राहिला, तर तो शब्द काढावा.

त्या पत्रासोबत क्रेटच्या अनामतीचा करारही होता आणि त्यात 'नल अँड व्हॉइड' (म्हणजे रद्दबातल) असे शब्द होते. दोन्हींचा अर्थ जवळपास एकच असला, तरी मी त्यांना हात लावला नाही. आपल्या 'कागदपत्र' किंवा 'बाजारहाट' यांप्रमाणे ती इंग्रजी कायद्यात शतकानुशतके रुळलेली जोडी आहे, आणि करारातला रूढ शब्दप्रयोग वकिलाला विचारल्याशिवाय बदलू नये.