वाटी बघा, मग वेताचं बोला

आमची कुत्री गुंडी ओट्यावरून तुळशीकडे धावताना मागचा डावा पाय चार पावलं वर धरायची, मग मागे एक झटका, की पुन्हा चारही पायांवर. "पोरगी लंगडी खेळते," म्हणत गल्ली हसायची, मीही. प्रत्यक्षात गुडघ्याची वाटी खोबणीतून आत सरकत होती.

पॉमेरियन, चिहुआहुआ, यॉर्की अशा लहान चणीच्या जातींत हे फार. मार लागूनही होतं, पण बहुतेकदा दोष पायाच्या ठेवणीतच, आईबापांकडून आलेला.

तुम्हाला शंका आली तर आधी फोनवर चालण्याचा व्हिडिओ घ्या. दवाखान्याच्या पायरीवर ही मंडळी हमखास सरळ चालतात! वाटी स्वतः दाबून बघू नका. डॉक्टर पाय सरळ करून, वाकवून, अंगठ्याने ढकलून बघतात. दोन्ही गुडघे तपासून घ्या आणि ग्रेड लिहून मागा. पहिल्या ग्रेडला ढकलली तरच सरकते, सोडली की जागेवर. दुसऱ्याला आपसूक सरकते, परतही येते. तिसऱ्याला बसवली तरी पुन्हा निघते. चौथ्याला हाताने बसतच नाही. वरच्या ग्रेडला, किंवा सारखं लंगडत असेल तर, खोबण खोल करायचं ऑपरेशन सुचवतात.

गुंडी दुसऱ्या ग्रेडची. गुळगुळीत फरशीवर सतरंज्या टाकल्या, सोफ्यावरच्या उड्या बंद केल्या. वजन उतरवणं अवघड गेलं, कारण सासूबाई कळण्याच्या भाकरीला लोणी लावून गुपचूप भरवायच्या. (भरीत तर मुळीच नको. त्यातली कांद्याची पात, लसूण कुत्र्याला विषारी.)

मग शेजारचे भाऊ आले. "ताई, एक वेत तरी होऊ द्या. आपला टायगर कधी लंगडत नाही." पहिल्या ग्रेडचा कुत्रा बरेचदा लंगडतच नाही, हे मला दवाखान्यात कळलं होतं. म्हणून जोडी लावण्याआधी नर-मादी दोघांची वाटी तपासा, तीही दोघं वर्षाची झाल्यावर. दोष निघाला, की वेत नाही. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरला नोंदणी लागते, अठरा महिन्यांखालच्या मादीचं वेत घेता येत नाही, वर्षातून एकाहून जास्त नाही, जन्मात पाचाहून जास्त नाही. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही. गुंडी आम्हाला जेमतेम महिन्याची विकली होती. तिच्या आईबापांची वाटी विचारायचं आमच्याही डोक्यात आलं नाही.

टायगर तपासला, पहिला ग्रेड निघाला. गुंडीची नसबंदी झाली. संध्याकाळी दोघं फाटकाशी नाकाला नाक लावतात, तेवढंच.